क्विंटलभर बचत

एप्रिल आला, बाजारात नवा गहू उतरला, की घरात महिन्याला किती पीठ लागतं हे मोजायच्या फंदात मुळीच पडू नका. मोजलं की घोटाळा होतो. किलोभर पिठाच्या पंचवीस-तीस पोळ्या होतात. दोघांच्या घरात दिवसाला आठ लाटल्या, तरी महिन्याला नऊ किलो पुरे. म्हणजे क्विंटल संपायला अकरा महिने. त्यातून दोघंही दुपारी कॅन्टीनमध्ये जेवत असाल तर दोन वर्षं. एवढा हिशेब केलात तर पंधरा किलोच घेऊन याल, आणि किलोमागे वाचणारे तीन-चार रुपये हातचे जातील.

लोकवन घ्यावा की सिहोर, यावर दुकानात अर्धा तास घाला. दाणा मात्र दाताखाली घालू नका. कोरडा असला तर कट्ट करून तुटतो, ओलसर असला तर दबतो, हे कळून उगाच मन खट्टू होतं. गहू स्वच्छ दिसतोय ना? झालं तर. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून बूच लावून मोकळी होते. अळी आतल्या आत जेवत राहते, बाहेर पत्ता नसतो. उन्हाळ्याच्या उबेत महिना-सव्वा महिन्याने पहिला किडा भोक पाडून बाहेर येतो, तोवर दुकानाची पावती हरवलेली असते. मूठभर गहू पाण्यात टाकला तर पोखरलेले दाणे वर तरंगतात खरे, पण चार लोकांत असं करणं बरं दिसतं का?

आता वाळवण. गच्चीवर दोन दिवस कडकडीत ऊन द्या आणि संध्याकाळी तापलेला गहू तसाच कोठीत ओतून झाकण ठोका. रात्रभर पसरून निववायचा वगैरे लाड नकोत. गरम दाण्यांची वाफ पत्र्याला आतून धरते, तेच पाणी कडेच्या गव्हात उतरतं आणि श्रावणात झाकण उघडलं की कुबट वास स्वागताला येतो. कडुनिंबाचा पालाही झाडावरून ओरबाडून ओलाच टाका. सावलीत वाळवायला वेळ कुणाला आहे? कोठी थेट फरशीवर, बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवा. पावसाळ्यात ओलीनेही जायचं कुठे?

तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळायचं राहू द्या. हात चिकट होतात.

दळण मात्र एकदमच आणा, गिरणीतल्या खेपा वाचतात. महिनाभर जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी गेलेली असते: थापताना कडा चिरतात, परातीतून उचलली की भाकरी मधोमध फाटते आणि तव्यावर तिचे तीन प्रांत होतात. पिठात उकळतं पाणी घालून मळलं तर थोडं सावरतं, पण मग ताजं दळणाऱ्यांची जिरणार कशी? बाजरीचं पीठ त्याहून गुणी. दळताना दाण्यातलं तेल मोकळं होतं, त्याला हवा लागते आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं. म्हणून तेही पाच किलो.

तेलाचा पंधरा किलोंचा डबा फोडला की खवटपणाचं घड्याळ सुरू. उपाय सोपा आहे: रोज तळण काढा.

उरला रविवार. आठवड्याची आमटी एकाच उंच पातेल्यात करा आणि झाकून ओट्यावर ठेवा. पसरट डब्यांत बोट-दोन बोटं उंचीची भरली तर ती तासाभरात निवते आणि मुकाट्याने फ्रिजमध्ये जाते. उंच पातेल्याच्या पोटात मात्र रात्रभर ऊब टिकते आणि सकाळी वर फेस येतो. कुकरभर भातही तसाच राहू द्या. भातातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत; कोमट भातात ती जागी होऊन जे विष करतात, ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. डॉक्टरची फी किराण्याच्या वहीत लिहायची नसते, त्यामुळे बचतीला धक्का नाही. रस्सा फ्रीझरमध्ये टाकणार असाल तर बटाट्यासकट टाका. बाहेर काढल्यावर बटाटा स्पंजासारखा पाणी सोडतो आणि रस्सा आपोआप वाढतो.

एवढं करूनही कोठी रिकामी झालीच, तर ती घासूनपुसून उन्हात पालथी घालू नका. तळाच्या सांध्यात अडकलेले चार दाणे तेवढे राहू द्या. पुढच्या एप्रिलातल्या गव्हाला सोबत नको का?