पुढल्या जन्मासाठी काही सभ्य सूचना

चित्रगुप्ताच्या कचेरीत गर्दी फार. अशा गर्दीत एखाद्या वेळी फाइल इकडची तिकडे होते आणि दादरचा नाही तर सदाशिव पेठेतला आत्मा थेट अमेरिकेत, अलाबामात किंवा शिकागोच्या दक्षिण भागात, काळ्या कातडीत जाऊन पडतो. तुमचं असं झालं तर घाबरू नका. वंशभेद वगैरे आहे, नाही असं नाही. पण खरा दोष आपल्या घसरलेल्या पँटीचा, केसांचा, नावाचा आणि मोठ्याने हसण्याचा आहे, हे एकदा मनाशी पक्कं केलंत की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे हेच शेजाऱ्याला पटवून देणं.

सुरुवात दातांपासून करू. बुकर टी. वॉशिंग्टन हे त्यांच्या काळातले सगळ्यात वजनदार काळे पुढारी. जन्म गुलामीतला, 1881 पासून अलाबामातल्या टस्कीगीत शाळा चालवत. आपल्याकडे अंगणात तुळशीला जे स्थान, ते त्यांच्या शाळेत टूथब्रशला. ही ख्याती इतकी पसरली की काही पोरं बाकी काही न आणता नुसता ब्रश घेऊन दाखल व्हायची. 1895 साली अटलांटात भाषण करताना त्यांनी गोऱ्या श्रोत्यांना हात वर करून सांगितलं, की सामाजिक बाबतीत आपण बोटांसारखे वेगवेगळे राहू, प्रगतीच्या कामात मात्र एका हातासारखे एक होऊ. सामाजिक समतेसाठी चळवळ करणं हा त्यांच्या मते निव्वळ मूर्खपणा. टाळ्या पडल्या. त्या एका दशकात झुंडींनी मारलेल्या काळ्या माणसांचा आकडा हजाराच्या वर गेला. हा आकडा मोजून ठेवण्याचं कामही पुढे टस्कीगीनेच केलं, आणि अतिशय टापटीप केलं.

दात झाले की रंग. यात तुमच्या हातात फारसं नाही, पण मोजमाप माहीत असलेलं बरं. किराणा आणतात ती खाकी कागदी पिशवी. काही मंडळांच्या, क्लबांच्या, अगदी चर्चच्याही दारात अशी पिशवी असायची असं जुनी माणसं सांगतात. तुमचा रंग पिशवीहून उजळ असेल तर आत या, गडद असेल तर पुन्हा कधीतरी. दाराशी उभा राहून पिशवी धरणारा माणूस गोरा नव्हता, हे ध्यानात घ्या. मराठी आत्म्याला ही पद्धत शिकवावी लागणार नाही. 'निमगोरी' हा शब्द ज्या भाषेने घडवला, तिला पिशवीची काय नवलाई? आता हा उजळपणा मुळात आला कुठून, तर मळ्याच्या मालकाकडून, आणि आजीला विचारून नव्हे. पण आत गेल्यावर हा विषय काढू नये, पार्टीचा रंग जातो.

मुलांना शिकवणी लावायचीही गरज नाही. केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने चार बाहुल्या घेतल्या. नाकडोळे सारखे, दोन गोऱ्या, दोन तपकिरी. तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांना विचारलं, छान बाहुली कुठली? बहुतेकांनी गोरी उचलली. वाईट कुठली? तपकिरी. आणि शेवटचा प्रश्न: तुझ्यासारखी दिसणारी कुठली? यावर काही मुलं रडली, काही उठून निघून गेली. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांचं नाव आहे.

आता केस. इथे जरा वेळ काढा, कारण आयुष्यातले कित्येक शनिवार तुम्ही इथेच घालवणार आहात. दृश्य असं: रात्रीची जेवणं झालेली, उद्या चर्च. गॅसच्या आचेवर लोखंडी फणी तापत ठेवलेली. सात-आठ वर्षांची तुम्ही खुर्चीवर, मानेभोवती टॉवेल. आई एका कापडावर फणी टेकवून बघते, कापड करपलं तर अजून थांबायचं. मग केसांना लावलेल्या तेलात फणी फिरते आणि फोडणीत मोहरी पडल्यासारखा आवाज होतो. जळक्या केसांचा वास घरभर. "कान धर," आई म्हणते. तुम्ही कानाची पाळी दुमडून धरता आणि श्वास रोखता. मानेवरचे ते चिवट, आखूड, काही केल्या सरळ न होणारे केस असतात, त्यांना तिकडे 'किचन'च म्हणतात. तिथे चटका बसतो. हलू नका, हलणाऱ्या मुलीचे केस 'चांगले' होत नाहीत.

फणी नको असेल तर रसायन आहे. 1940च्या दशकात पुरुष मंडळी कॉस्टिक सोडा, अंडी आणि बटाटे यांचं मिश्रण घरीच करून डोक्यावर थापत. हो, तोच सोडा, ज्याने आपण तुंबलेली मोरी मोकळी करतो. माल्कम एक्स नावाच्या तरुणानेही हा प्रयोग केला होता. पुढे त्यांनी लिहून ठेवलं, की स्वतःला कमी लेखण्याच्या दिशेने आपण टाकलेलं हे पहिलं मोठं पाऊल. अशी माणसं नंतर पुढारी होतात आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप देतात. तुम्ही आरशात बघा, 'छान दिसतंय' म्हणा, पाणी मारा.

इतकं सगळं करायचं कशासाठी, तर नोकरीसाठी. 2010 साली अलाबामातल्या मोबील शहरात एका काळ्या मुलीला कंपनीने नोकरी देऊ केली आणि मग सांगितलं, जटा कापून ये. ती नाही म्हणाली, नोकरी गेली. काम होतं ग्राहकांशी फोनवर बोलण्याचं. फोनवर! अपील न्यायालयाने 2016 साली निकाल दिला, की केसांची ठेवण बदलता येते, वंश बदलता येत नाही, म्हणून हा वंशभेद नव्हे. कॅलिफोर्नियाने 2019 साली केसांवरून होणारा भेदभाव रोखणारा पहिला कायदा केला. तोवर नागरी हक्कांच्या मोठ्या कायद्याला पंचावन्न वर्षं झाली होती.

नावाचं थोडक्यात सांगतो. 2004 साली दोन अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या नोकऱ्यांसाठी सुमारे 5000 खोटे अर्ज पाठवल्याचा अभ्यास छापला. एमिली आणि ग्रेग या गोऱ्या वाटणाऱ्या नावांना लकीशा आणि जमाल या काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट उत्तरं आली. तेव्हा बारशाच्या वेळी काळजी घ्या. आत्याबाईला सांगून ठेवा, एमिली.

यावर तुम्ही म्हणाल, की नीटनेटकं राहणं, शिकणं, चारचौघांत बरं दिसणं यात वाईट काय? काहीच नाही. इथे घटकाभर थट्टा बाजूला ठेवतो. इतिहासकार एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम यांनी 1993 साली या सगळ्याला 'सभ्यतेचं राजकारण' असं नाव दिलं, ते काळ्या बाप्टिस्ट चर्चमधल्या बायकांविषयी लिहिताना. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या या बायका. त्यांच्या अब्रूला कायद्याच्या लेखी किंमत नव्हती, म्हणून त्यांनी ती वागण्यातून उभी केली. 1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबरोत चार काळे विद्यार्थी नीट कपडे करून गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जेवणाच्या काउंटरवर बसले, तेही ठरवूनच. आणि आपल्याकडे डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, की लुगडं वरच्या जातीतल्या बायकांसारखं नेसा, अंगावरचे ते जाडजूड दागिने टाका. पण तिथे घोट्यापर्यंत लुगडं नेसणं हीच मुळात आगळीक होती. ती परवानगी मागण्यासाठी केलेली वेशभूषा नव्हती. माझा आक्षेप कपड्याला नाही. कपडा बघून आत घेऊ, असं म्हणत दारात बसलेल्याला आहे. असो, सूचना पुढे चालू.

कारण या अभ्यासक्रमातली खरी मजा विद्यार्थी होण्यात नाही, सुपरवायझर होण्यात आहे. ही परीक्षा पास झालेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. पण वर्गात फिरून 'खाली बघ, पँट वर घे' असं दटावण्याची जागा मिळते, आणि चष्मा पुसत तेवढं करणारा स्वतःला पास समजू शकतो.

ही जागा जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतून हजारो काळी माणसं शिकागोला आली, तेव्हा तिथल्या जुन्या काळ्या रहिवाशांनी आणि काळ्यांच्याच वर्तमानपत्राने त्यांच्यासाठी याद्या छापल्या. ट्रॅममध्ये मोठ्याने बोलू नका. डोक्याला फडकं बांधून, एप्रनमध्ये, घरातल्या चपलांनिशी दाराबाहेर येऊ नका. कोपऱ्यावर घोळके करू नका. 27 जुलै 1919 रोजी सतरा वर्षांचा युजीन विल्यम्स मिशिगन सरोवरात तराफ्यावर तरंगत गोऱ्यांच्या हद्दीत गेला. पाण्यावर आखलेली नसलेली ती हद्द. दगड पडले, तो बुडाला, दंगलीत 38 माणसं गेली. पोरगा चपला घालून नव्हता, एप्रनही नव्हता.

मार्च 1955 मध्ये माँटगोमेरीत क्लॉडेट कॉल्विन नावाची पंधरा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांसाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही. पोलिसांनी ओढून नेली. याच गोष्टीसाठी पुढे जगप्रसिद्ध झालेल्या रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी. पुढाऱ्यांनी विचार केला: वय लहान, घर गरीब, रंग गडद, तोंड फटकळ, आणि पुढे तर दिवसही गेले. चेहरा म्हणून चालणार नाही. कॉल्विननेच नंतर सांगितलं, की आईने तिला गप्प राहायला सांगितलं होतं. रोझाचा रंग तुझ्यापेक्षा उजळ आहे, गोऱ्यांना ती आवडते, तिलाच करू दे. ज्या खटल्याने 1956 साली बसमधला भेद मोडला, त्यात मात्र वादी म्हणून कॉल्विन होती. फोटोत नाही चालली, कागदावर चालली.

अलीकडचे सुपरवायझर म्हणजे बिल कॉस्बी. काळे विनोदी नट, टीव्हीवरचे आदर्श वडील, स्वेटरसकट. 17 मे 2004 रोजी, त्याच 1954च्या निकालाच्या सुवर्णमहोत्सवात, त्यांनी गरीब काळ्यांची झडती घेतली: कसली नावं ठेवता, कसले कपडे घालता, पाउंड केकचा तुकडा चोरणाऱ्याला पोलिसांनी गोळी घातली तर ओरडता, तो केक त्याच्या हातात काय करत होता? सभागृहात हशा आणि टाळ्या. याच कॉस्बींना 2018 साली लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवलं गेलं आणि 2021 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर तो निकाल रद्द केला. 2013 साली ट्रेव्हॉन मार्टिन या हुडी घातलेल्या काळ्या मुलाला मारणारा निर्दोष सुटला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी डॉन लेमन या काळ्या वृत्तनिवेदकाने काळ्यांना पाच सूचना केल्या. त्यांत पँट वर घ्या ही होती, आणि रस्त्यात कचरा टाकू नका हीसुद्धा.

सगळ्या सूचना पाळल्यावर काय होतं, याचीही उदाहरणं आहेत, पण ती नवशिक्यांना लगेच दाखवू नयेत. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ग्रीनवुड नावाची वस्ती होती: काळ्यांची हॉटेलं, काळे डॉक्टर, काळे वकील, वर्तमानपत्रं, सिनेमागृह. कुणाकडे हात पसरला नाही. 1921 साली गोऱ्या झुंडींनी दोन दिवसांत वस्तीतले पस्तीस ब्लॉक जाळून टाकले. हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांना 2009 साली पोलिसांनी त्यांच्याच घराच्या दारात बेड्या ठोकल्या. आणि बराक ओबामा: हार्वर्डची कायद्याची पदवी, एक बायको, दोन मुली, इस्त्रीचा सूट. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांना जन्मदाखला दाखवावा लागला. 2014 साली सूट बदामी रंगाचा निघाला तर त्यावरही चर्चा झडली.

फाइल बरोबर जागी गेली आणि तुम्ही निव्वळ मराठी म्हणून न्यू जर्सीत पोचलात, तरी हा अभ्यासक्रम वाया जाणार नाही. गणपतीच्या दिवशी मोदकाची प्लेट हातात धरून 'ते लोक मेहनतच करत नाहीत हो' म्हणायला तो उपयोगी पडतो. आपल्याला तिथे येऊ देणारा 1965चा कायदा 'त्या लोकांच्या'च चळवळीच्या लाटेत झाला, हे वाक्य प्लेट ठेवल्यावर आठवलं तरी चालेल. 1873 साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं. त्यानंतर पन्नास वर्षांनी, 1923 साली, भगतसिंग थिंद नावाचे गृहस्थ नागरिकत्वासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सांगत होते, की आम्ही उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोरेच. न्यायालयाने तेही मानलं नाही.

हो, टूथब्रशवाल्या गुरुजींचं राहिलंच. मार्च 1911 मध्ये एका रविवारी रात्री ते न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीत कुणाचा तरी पत्ता शोधत होते. साहेबी पोशाख, वय पन्नाशीच्या पुढे, राष्ट्राध्यक्षांच्या पंगतीला जेवलेला माणूस. एका गोऱ्याने चोर समजून काठीने बडवलं, रस्त्यावरून पळवलं. पोलिसांनीही आधी यांनाच धरलं. आपण कोण ते सिद्ध केल्यावर सोडलं. खटला झाला, मारणारा सुटला. गुरुजींच्या डोक्याला टाके पडले. दातांबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.