बारा खाली, बारा वर: डच ओव्हनवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

"12 इंची डच ओव्हनला 24 ब्रिकेट" (डच ओव्हन म्हणजे वर-खाली निखारे ठेवून भाजायचं तीन पायांचं, सहसा बिडाचं म्हणजे ओतीव लोखंडाचं भांडं; ब्रिकेट म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या) या माझ्या वाक्यावर तुम्ही चिडून लिहिलंय की निखारे मोजणं हे थोतांड आहे. तुमच्या मुलाच्या ट्रूपच्या (स्काउट पथकाच्या) कॅम्पला बारा खाली, बारा वर असे ठेवून पीच कॉबलर (पीचच्या फोडींवर केकचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ) केलं, तर तळ करपला आणि वर केक मिक्सची कोरडी पावडर तशीच राहिली. शिवाय टोमॅटोचा रस्सा रात्रभर भांड्यात राहिला, तो सकाळी लोखंडासारखा लागला आणि भांड्याला गंज चढला. जेवायला रात्रीचे नऊ वाजले. शेवटी विचारलंय, "आमच्या आज्या कुठे निखारे मोजत होत्या? सरळ प्रोपेनची शेगडी आणि कुकर का नेऊ नये?"

आधी कॉबलर, कारण ते का बिघडलं हे तुमच्याच आकड्यांत दिसतंय. 24 बरोबर आहेत, वाटणी चुकली. 12 इंचीला 15 वर आणि 9 खाली. भांड्याच्या व्यासात तीन मिळवले की झाकणावरचे, तीन वजा केले की खालचे. म्हणजे 10 इंचीला 13 आणि 7, 14 इंचीला 17 आणि 11. एवढ्यात साधारण 325 ते 350 फॅरनहाइट मिळतं, आणि पुढच्या प्रत्येक 25 अंशांना एक वर, एक खाली वाढवायचा. तुम्ही तळाला नऊऐवजी बारा दिलेत, म्हणजे तिथे एक तृतीयांश आच जास्त, आणि झाकणाला तीन कमी.

हा तीनचा फरक एवढा का बोचतो? खालच्या निखाऱ्यांची धग वर चढते ती थेट तळाला लागते, आणि तळाला पदार्थ चिकटलेलाच असतो. झाकणावरच्या निखाऱ्यांची बरीचशी धग हवेत निघून जाते. उरते ती लोखंड तापवते, आणि तिथून मधली पोकळी ओलांडून पदार्थापर्यंत जाते. त्यातून कॉबलरमध्ये डब्यातला साखरेचा पाक तळाशी बसतो, आणि साखर करपायला काय लागतं? म्हणून भाजायच्या पदार्थाला वर जास्त. रस्सा, डाळ, भात यांना उलट, बहुतेक निखारे खाली.

खालचे नऊ मधोमध ढीग करून ठेवले तरी तळ करपणारच, आकडा कितीही बरोबर असो. तीन पायांच्या आत, भांड्याच्या कडेलगत गोल मांडायचे आणि मधली जागा रिकामी ठेवायची. झाकणावर बाराएक कडेने, उरलेले आत. दर पंधरा मिनिटांनी भांडं पाव फेरा एका दिशेला फिरवा, झाकण पाव फेरा उलट दिशेला. वारा असेल तर हे चुकवूच नका. वाऱ्याच्या बाजूचे निखारे फुलून भराभर जळतात आणि पाऊण तास टिकणारे अर्ध्या तासात राख होतात. शक्य असेल तर आडोसा करा. पावसात मात्र तंबूत किंवा चारी बाजूंनी बंद ताडपत्रीखाली पेटता कोळसा कधीही नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आणि ओल्या जमिनीवर निखारे मांडले की धग जमीनच पिते. खाली पत्रा हवा. त्याने गवतही जळत नाही.

हे सगळे आकडे साध्या, उशीच्या आकाराच्या ब्रिकेटचे आहेत. लंप कोळशाचे (न दाबलेल्या, साध्या लाकडी कोळशाचे) तुकडे लहानमोठे असतात, तिथे मोजणीला अर्थ नाही. पेटवण्याचं द्रव्य आधीच लावलेले ब्रिकेट लवकर संपतात आणि वास सोडतात, ते घेऊच नका.

आता वरची कोरडी पावडर. तिचा सगळा दोष निखाऱ्यांचा नाही. 29 औंसाचे पीचचे दोन डबे (त्यातल्या एकाचा पाक काढून टाका), त्यावर केक मिक्सचा एक खोका सारखा पसरा, ढवळू नका, आणि लोण्याची एक अख्खी कांडी, म्हणजे 113 ग्रॅम, पातळ काप करून सगळीकडे लावा. लोण्याचे चार मोठे गोळे टाकले की मधली पावडर पावडरच राहते. पाकृती जुनी असेल तर ती सव्वाअठरा औंसाच्या खोक्याची असते. हल्लीचे खोके सव्वापंधरा औंसाचे किंवा त्याहून लहान, म्हणून दोन्ही डब्यांचा पाक घातला तर खाली आमटी होते. 40 ते 45 मिनिटं. झाकण उघडण्याआधी छोट्या ब्रशने राख झाडा आणि लिफ्टरने (झाकण उचलायच्या हुकाने) ते अगदी आडवं, सरळ वर उचला. कडेच्या पट्टीत राख साचलेली असते. झाकण जरा कललं की ती कॉबलरवर.

आज्यांचं म्हणाल तर त्या धोंडस किंवा भानोलं करताना झाकणावर निखारे ठेवायच्याच, आणि खालची आच मंद ठेवायच्या. मोजायच्या नाहीत, कारण रोज तीच चूल, तेच भांडं, तेच सरपण. अकरा वर्षांच्या स्काउटला, तोही तिसऱ्यांदा कॅम्पला आलेला, हाताला तो अंदाज कुठून यायचा? त्याला आकडा द्यावा. अंदाज नंतर येतो.

गंजाचं कारण आम्ल. लोखंडावर तापून घट्ट बसलेला तेलाचा थर म्हणजे सिझनिंग. टोमॅटो, चिंच, कोकम तो सैल करतात. थर जुना आणि पक्का असेल तर अर्ध्या तासाचा टोमॅटो चालतो. रात्रभर मात्र काहीच ठेवू नका, वरणसुद्धा. गंज स्टील वूलने घासा, धुवा, आचेवर पूर्ण कोरडं करा. तेल लावून फडक्याने इतकं पुसा की भांडं कोरडंच वाटेल, मग घरच्या ओव्हनमध्ये उपडं ठेवून 400 ते 450 फॅरनहाइटला एक तास. तेल जाड राहिलं तर चिकट डाग पडतात. गरम भांड्यावर थंड पाणी ओतू नका, बीड तडकतं. ठेवताना झाकणाखाली पेपर टॉवेलची घडी सरकवा, बंद भांड्यात दमट हवा कोंडते.

नऊ वाजले ते बहुधा भाज्या चिरून झाल्यावर कोळसा पेटवल्यामुळे. चिमनी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात) ब्रिकेटवर राखाडी थर यायला 15 ते 20 मिनिटं लागतात. ती आधी पेटवा, चिरणं तेवढ्यात होतं. वेळ वाचवायला एकावर एक भांडी रचतात, पण मुलांना ते करू देऊ नये. खालच्या झाकणावरचे निखारे वरच्या भांड्याचा तळ तापवतात, म्हणजे एकाची वरची आच दुसऱ्याची खालची होते आणि दोन्ही हिशोब बिघडतात. शिवाय खालचं उघडून बघता येत नाही.

कुकरबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. न्यू मेक्सिकोतल्या फिलमाँट या स्काउट कॅम्पसारख्या साडेसहा हजार फुटांवरच्या ठिकाणी पाणी 93 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. तिथे तूरडाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही, कुकर किंवा मसूर न्या. पण 2014 पासून ईगल रँकसाठी (अमेरिकन स्काउटांचा सर्वांत वरचा दर्जा) सक्तीच्या असलेल्या कूकिंग मेरिट बॅजला (स्वयंपाकाच्या बिल्ल्याला) बाहेरचं एक जेवण डच ओव्हन, फॉइल पॅक (फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यांवर) किंवा सळईवर भाजून करावं लागतं. डच ओव्हनचीच सक्ती नाही, फॉइल पॅक केलात तरी बॅज मिळतो. कुकर त्या यादीत नाही.

12 इंची बीडाचं वजन वीस पौंडांच्या घरात जातं. ते जड वाटत असेल तर ॲल्युमिनियमचा डच ओव्हन मिळतो, साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाचा. गंजाची कटकट बरीच कमी होते. पण तो रिकामा निखाऱ्यांवर तापत ठेवू नका, वितळतो.