'दोन्हीकडे १४० नंबर टाका' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ऑफ-रोड युटिलिटी गाडीवर (युटीव्हीवर) लोड भरपूर असतो, म्हणून पुढे-मागे दोन्ही डिफरेन्शियलला (इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाला) आणि गिअरबॉक्सलाही सरळ ८५डब्ल्यू-१४० जीएल-५ गिअर ऑइल भरावं (१४० हा जाडपणाचा नंबर, जीएल-५ हा ऑइलच्या संरक्षणाचा दर्जा), जाड ऑइलने कधी नुकसान होत नाही, आणि मी सारखं मॅन्युअल बघा मॅन्युअल बघा करून लोकांना उगाच घाबरवतोय. मला हे पटत नाही, आणि हेच मत बऱ्याच जणांचं असतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागच्या बाजूचं तुमचं बरंचसं बरोबर आहे. हौसिंगमध्ये (डिफरेन्शियलच्या बाहेरच्या कवचात) क्राऊन-पिनियन (मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) हायपॉइड प्रकारचं असेल, गाडी भरलेली, वेग कमी, चढ मोठा आणि हवा गरम असेल तर १४० नंबर चालतं, काही कंपन्या स्वतःच मागे ७५डब्ल्यू-१४० सांगतात. हायपॉइडमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली-वर सरकवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर जोरात घासत सरकतात आणि ऑइलची फिल्म तुटायला बघते. पण ती तुटली की दात वाचवतं ते जाडपण नव्हे, सल्फर-फॉस्फरसचं ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर, जबर दाबासाठीचं) ॲडिटिव्ह वाचवतं, दाब आणि उष्णता आली की ते लोखंडावर थर धरतं. म्हणजे नंबर हा वेगळा प्रश्न आणि जीएल हा वेगळा, तुम्ही दोन्ही एकात घातलेत.

१०० डिग्रीला ९० नंबरची व्हिस्कॉसिटी (जाडपण) १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक असते आणि १४० ची २४ ते ३२.५, म्हणजे जवळपास दुप्पट. (९० ऐकून ते भयंकर जाड वाटतं, पण गिअर ऑइलचे आकडे वेगळ्या पट्टीवरचे आहेत, गरम झाल्यावर ते इंजिन ऑइलच्या ४०-५० ग्रेडच्या आसपासच असतं.) डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, ७५डब्ल्यू उणे ४० डिग्रीला तपासतात आणि ८५डब्ल्यू फक्त उणे १२ ला, त्यामुळे कडक थंडीत ८५डब्ल्यू-१४० पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचायलाच वेळ घेतं आणि गाडी जड ओढते. गरज नसताना जाड भरलं तर ते घुसळण्यात ताकद जाते आणि हौसिंग जास्त तापतं, हे नुकसानच झालं ना.

खरा घोळ पुढच्या बाजूला आहे. बऱ्याच युटीव्हींमध्ये पुढे नेहमीचं डिफरेन्शियल नसतंच, आत रोलर क्लच असतो, मागची चाकं घसरली की रोलर अडकतात आणि पुढची चाकं ओढायला लागतात. हे रोलर झटकन अडकायला आणि झटकन सुटायला त्यांच्यासाठी बनवलेलं ऑइलच लागतं, पोलारिस कंपनी अशा गिअरकेससाठी डिमांड ड्राइव्ह नावाचं वेगळं फ्लुइड सांगते ते म्हणूनच. तिथे १४० भरलंत तर चिखलात फोर व्हील लागायला उशीर होणार किंवा लागलेलं सुटणार नाही. क्लच प्लेटचं लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं डिफरेन्शियल) असेल तर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण सौम्य करणारं ॲडिटिव्ह) लागतो, नाहीतर वळणावर मागून कटकट आणि थरथर येते. इलेक्ट्रिक लॉकरला (बटणाने दोन्ही चाकं एकत्र जखडणाऱ्या डिफरेन्शियलला) त्याची गरज नाही. आणि काही गाड्यांत मागचे ब्रेक त्याच हौसिंगमध्ये तेलात बुडालेले असतात, तिथे वेट ब्रेकला चालणारंच ऑइल हवं, साधं जीएल-५ घालून उतारावर ब्रेकची परीक्षा घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय.

गिअरबॉक्सचं म्हणाल तर जीएल-५ मध्ये ईपी ॲडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं, आणि त्यातलं सल्फर सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना खाऊ शकतं. आकडा मोठा म्हणून ऑइल चांगलं असं नसतं. शिवाय काही युटीव्हींत गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच केसिंगमध्ये, एकाच ऑइलवर चालतात, मग तर नुसत्या डिफरेन्शियलचा विचार करून भागतच नाही.

"इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही" असंही तुम्ही लिहिलंय. अहो, गिअर एका दिवसात मरत नाहीत. ऑइल काढाल तेव्हा ड्रेन प्लगचं मॅग्नेट बघा, बारीक राखाडी लेप असेल तर काळजी नको, पण बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे असतील तर आत काहीतरी झिजतंय. आणि ऑइल दुधाळ दिसलं तर ग्रेडचा वाद बाजूला ठेवा, पाणी गेलंय. तापलेलं हौसिंग थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हौसिंगची हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेतून) पाणी ओढून घेते, असं ऑइल कालच बदललेलं असलं तरी काढून टाकायचं आणि ब्रीदरचा पाइप जमेल तितका वर नेऊन बांधायचा.

तुमच्या गाडीचं मॉडेल आणि पुढचं डिफरेन्शियल कुठल्या प्रकारचं आहे ते कळवा, मग नेमकं बोलता येईल. तोवर उघडणारच असाल तर गाडी सपाट जागेवर लावा आणि आधी वरचा भरायचा प्लग सैल होतोय का बघा, मगच खालचा काढा, कारण ऑइल सगळं खाली गेल्यावर वरचा प्लग निघालाच नाही तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.