जमिनीवर थेंब नाही, मग ब्रेक ऑइल जातंय कुठे?

दादा, सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ब्रेक ऑइल वरचेवर ओतावं लागत असेल तर आधी गळती शोधा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की मी साध्या गोष्टीचा बाऊ केला. पॅड झिजले की ब्रेक ऑइलची पातळी उतरतेच, तुमच्या मोटरहोमखाली (राहण्याची सोय असलेल्या गाडीखाली) कधी थेंब दिसला नाही, आणि दोनेक महिन्यांनी थोडं ऑइल ओतलं की काम भागतं.

पॅडबद्दल अगदी बरोबर. पॅड झिजतील तसे कॅलिपरचे (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर सरकतात आणि मागची जागा ऑइल भरतं. पण ही उतरण फार सावकाश होते, पॅड संपेपर्यंत पातळी साधारण ऑइलच्या टाकीवरच्या मॅक्स खुणेपासून मिन खुणेपर्यंतच खाली येते. तुम्ही तर पुढचे पॅड गेल्या वर्षीच नवे टाकलेत. मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकमधले लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) झिजले तरी ते अंतर आतला अ‍ॅडजस्टर भरून काढतो. म्हणजे हिशोब जुळत नाही. ब्रेकची यंत्रणा सीलबंद असते. वरचेवर ओतावं लागतंय म्हणजे ऑइल कुठूनतरी बाहेर पडतंय.

तुमची गाडी नव्वदच्या दशकातली, फोर्ड ई-३५० व्हॅनच्या चेसीवरची (सांगाड्यावरची), पेट्रोल इंजिन आणि व्हॅक्यूम बूस्टरची (इंजिनच्या व्हॅक्यूमने पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याची). अशा गाडीत मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल ब्रेककडे ढकलणाऱ्या पंपाचं) मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या पोटात उतरतं. तिथून इंजिनचा व्हॅक्यूम ते ओढून घेतो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. जमिनीवर टिपूससुद्धा पडत नाही! मास्टर सिलिंडर बूस्टरला धरणारे दोन नट सोडा, पाइपांना ताण न देता तो जेमतेम पुढे सरकवा आणि मागे बोट फिरवा. बोट ओलं निघालं तर चोर सापडला. तिथं खाली बूस्टरचा रंग फुगून सुटलेला असेल तर तीही खूण समजा. ब्रेक ऑइल रंग खातं.

तिथं कोरडं असेल तर मागचे ड्रम उघडा. व्हील सिलिंडरच्या (ड्रममधले लायनर बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) टोकाची रबरी टोपी छोट्या स्क्रूड्रायव्हरने हळूच उचला. आत नुसता ओलसरपणा चालेल, ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला. मात्र लायनर भिजलेला दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण मागच्या अ‍ॅक्सलचं सील गळलं तर त्यातल्या गिअर ऑइलनेही तो भिजतो. त्या गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. त्याचा एक थेंब पाण्यात टाकून बघा: ब्रेक ऑइल विरघळतं, गिअर ऑइल वर तरंगतं.

मोटरहोम महिनोन्‌महिने उभी असते, हा तिचा खरा शत्रू. डॉट ३ प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, सिलिंडरला आतून गंज धरतो, खड्डे पडतात आणि सील त्यावर फाटतं. त्यात तुम्ही मिशिगनमध्ये. हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेलं मीठ चेसीला लागलेले लोखंडी पाइप खातं, विशेषतः क्लिपांखाली, जिथं चिखल साचतो. तिथं टॉर्च मारून नीट बघा.

नुसतं ओतत राहण्याला माझा विरोध एवढ्याचसाठी, की त्याने पुरावा पुसला जातो. टाकीचे दोन कप्पे असतात, एक पुढच्या ब्रेकचा, एक मागच्या. कुठला उतरतोय ते कळलं तर अर्धं काम झालं. दोन्हींवर पातळीची खूण करा आणि गाडी घराजवळच, रिकाम्या रस्त्यावर, अगदी हळू फिरवा. ब्रेकचा लाल दिवा लागला किंवा पेडल खाली गेलं तर तेवढी फेरीही नको, टोइंगवाला बोलवा.

जूनमध्ये रॉकीज पर्वतात निघायचं म्हणताय. पाच टनांची गाडी, मुलंबाळं आत आणि मैलोन्‌मैल उतार. गळती सापडेपर्यंत कृपा करून निघू नका. कुठला कप्पा उतरला ते इथंच लिहा, पुढचं मिळून शोधू.