टीपीएम म्हणजे डोंगल नव्हे

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘नव्या लॅपटॉपात कॉपी रोखणारी टीपीएम चिप असते, तिच्यामुळं लिनक्स चालत नाही. जुन्यावर विंडोज 11 चढत नाही, तेव्हा तो भंगारात घाला.’ (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी घालता येणारी फुकटची सिस्टीम.) दुकानात रोज कुणीतरी हेच दाखवायला मोबाइल पुढं करतं.

टीपीएम एन्क्रिप्शनच्या किल्ल्या (गुप्त कोड) सांभाळते आणि मशीन सुरू होताना काय काय लोड झालं ते नोंदवते. डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करायला (डिस्क एन्क्रिप्शन) लिनक्ससुद्धा तिला कामाला लावू शकतं. कॉपी रोखणारं हार्डवेअर म्हणजे काय ते लग्नपत्रिका छापणाऱ्या जुन्या मंडळींना विचारा. मशीनला लावलेला डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा तुकडा, काढला की मराठी फॉण्टचं सॉफ्टवेअर बंद, मग लग्न उद्यावर का येईना!

आडवं येऊ शकतं ते सिक्युअर बूट. ते डिजिटल सही असलेलाच बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) चालू देतं. पण उबंटू, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांकडं मायक्रोसॉफ्टची सही असलेला शिम (आधी चालणारा छोटा बूटलोडर) आहे, 2019 पासून डेबियनकडंही. (लिनक्सला मायक्रोसॉफ्टची सही लागावी, हे मलाही टोचतं.) शिवाय बहुतेक लॅपटॉपात बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करता येतं. विंडोज 8 च्या वेळी साध्या पीसीवर ही सोय देणं कंपन्यांना सक्तीचं होतं. विंडोज 10 पासून ती त्यांच्या मर्जीवर गेली. घाबरायचंच तर याला घाबरा.

परवा निपाणीचे एक गुरुजी आले. मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) घातलं, वायफायचा ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं तर निळा पडदा आणि उलटी मोजणी. ‘पकडलं बघा चिपनं!’ म्हणत त्यांनी पॉवरचं बटण दाबून धरलं होतं. सिक्युअर बूटनं तो ड्रायव्हर मानावा म्हणून तो पडदा ड्रायव्हर टाकताना त्यांनीच ठरवलेला पासवर्ड मागत होता. पुन्हा सगळं करून पासवर्ड दिला, वायफाय लागलं.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हे खरं. पण टीपीएम 2.0 ची अट विंडोज 11 ची. लिनक्सचा तिच्याशी काय संबंध?

आमच्याकडं लिनक्सचं घोडं अडतं ते नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरपाशी. जुन्या नुडी फॉण्टातली कन्नड फाइल युनिकोड (सगळीकडं चालणारी अक्षरांची पद्धत) नसते, तो फॉण्ट नसलेल्या लिनक्सवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. अर्ज कन्नडात, पत्रिका मराठीत, असं ज्यांचं काम त्यांना हे रोजचं. तेवढ्यासाठी कोपऱ्यात विंडोजचं एक मशीन अजून ठेवलंय मी.