कलिंगडात नुसतंच पाणी? मग दुधात काय असतं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला, ह्यावेळी काकांकडून, खाली हात जोडलेले. त्यात चार गोष्टी होत्या: कलिंगड-काकडीत 90 टक्के पाणी म्हणून पोषण शून्य, रोज 8 ग्लास पाणी वेगळं प्यायचंच आणि जेवणातलं धरायचं नाही, जेवताना पाणी प्यालं की जठराग्नी विझतो, आणि पाणी असलेलं अन्न नासतं, मधात पाणीच नसतं म्हणून तो टिकतो.

पहिलं घ्या. काकडीत साधारण 95 टक्के पाणी असतं, कलिंगडात 91-92, मान्य. पण दुधात पण 87 टक्के पाणीच असतं हो, मग लहान पोरांना दूध कशाला देता? उरलेल्या टक्क्यांत काय आहे ते बघायचं असतं. आमच्या गोव्यातल्या पर्रा गावचं कलिंगड आतून लाल दिसतं ते लायकोपीन नावाच्या रंगद्रव्यामुळे, आणि ते साधारणपणे कच्च्या टोमॅटोपेक्षा कलिंगडात जास्त असतं.

आता ते 8 ग्लास. 1945 साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलेलं, आणि लगेच पुढे हे पण लिहिलेलं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं तिथंच सोडलं, असं म्हणतात. 2002 मध्ये हाइन्झ वाल्टिन नावाच्या किडनीच्या अभ्यासकाने ह्या 8 ग्लासांना पुरावा शोधला, त्याला काय मिळाला नाही. आणि आकडा सगळ्यांना एकच कसा असेल? एप्रिलच्या उन्हात काजूचे बोंडू गोळा करणाऱ्याला 8 ग्लास पुरायचे नाहीत, आणि एसीत बसून सकाळी 10 ला वाटीभर पेज पिणाऱ्याचं त्याहून कमीत भागेल. वर किडनी किंवा हार्टसाठी डॉक्टरांनी ज्यांना पाणी मोजून दिलंय, त्यांना पेज, सोलकढी, कलिंगड सगळं धरावंच लागतं. आमच्या ग्रुपवरच असे दोघे आहेत, म्हणून राग जास्त आला.

जठराग्नीचं काय सांगू! पोटातलं अ‍ॅसिड भरून ठेवलेलं नसतं, जेवण आलं की बनत राहतं. नाहीतर भातावर हुमण, म्हणजे माशाची आमटी, ओतून वर सोलकढी पिणाऱ्या आम्हा गोंयकारांचा अग्नी कधीच विझला असता.

मधाची गोष्ट मात्र मजेशीर आहे. मधात 17-18 टक्के पाणी असतं, म्हणजे गव्हाच्या पिठापेक्षा जास्तच. पण साखरेने ते इतकं घट्ट धरलेलं असतं की जंतूंच्या वाट्याला येत नाही, उलट त्यांच्यातलंच ओढलं जातं. पाणी किती आहे यापेक्षा मोकळं किती आहे ते महत्त्वाचं, शास्त्रात याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, शुद्ध पाण्याची 1 धरली तर मधाची 0.6 च्या आसपास. खाऱ्या, म्हणजे मीठ लावून सुकवलेल्या, बांगड्यात हेच काम मीठ करतं, थोडं पाणी ऊन काढतं आणि राहिलेलं मीठ धरून बसतं. पण मीठ हवेतलं पाणी पण ओढतं. गेल्या जुलैत पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, खाऱ्या माशांचा डबा मी उघडा ठेवला, आठ दिवसांत बुरशी. आई म्हणाली, मोबाईल बघत बसलास म्हणून झाकण राहिलं.