गाताना आनंद वाटत नसेल तर?

गेल्या रविवारी उपासना संपली, लोक बाहेर चहाला गेले आणि मी पेटी आवरत होते. आमच्या मंडळीतला एक मुलगा, बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलेला, जवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, सगळे आनंदानं गा, आनंदानं गा म्हणतात. मला तर काहीच वाटत नाही. मग उगाच तोंड हलवायचं का? हे ढोंग नाही का?"

मी घाईत होते. "नंतर बोलू रे" म्हणाले आणि निघाले. आठवडाभर मला त्याची चुटपुट लागून राहिली. ज्याला प्रामाणिकपणे देवापुढे उभं राहायचंय, तोच असा प्रश्न विचारतो. म्हणून सविस्तर लिहिते. त्यानं वाचावं, आणि त्याच्यासारखं वाटणाऱ्या इतरांनीही.

मी पंधरा वर्षं सांगलीतल्या आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवते. पेटीवर बसलं की सगळ्यांचे चेहरे समोर दिसतात. खरं सांगते, कित्येक रविवारी आम्ही कुणाच्या दहाव्याला आल्यासारखे बसलेलो असतो. दुसरीकडे हल्ली काही सभांमध्ये स्टेजवरून हुकूम सुटतात: हात वर करा, हसा, शेजाऱ्याला टाळी द्या. नुकतीच आई गेलेल्या बाईनं त्या क्षणी काय करावं? मला दोन्ही प्रकार खटकतात. आनंद वरून थापता येत नाही आणि तो आपोआप उगवेल म्हणून वाट बघत बसणंही खरं नाही.

माझी आजी मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलमध्ये आया होती. १८९४ पासून चालत आलेलं मिशनचं हॉस्पिटल ते. तिला वाचता जेमतेम यायचं. रात्री अंथरुणावर पडलं की आम्हा भावंडांना प्रार्थना करायला लावायची. मी लवकर सुटायचं म्हणून म्हणायचे, "देवा, सगळ्यासाठी तुझे आभार, आमेन." की लगेच आजीचा हात पाठीवर. "सगळ्यासाठी म्हंजे कशासाठी? नाव घिऊन सांग. देवाला ठावं हाय, तुला कुठं ठावं हाय?" मग बोटावर मोजत सांगायचं. शेजारच्या काकूंनी दिलेली बोरं. धाकट्याचा ताप उतरला. वर्गात मार चुकला. पाच बोटं भरेपर्यंत सुटका नाही. आणि गंमत अशी, तिसऱ्या-चौथ्या बोटाशी आलं की आमची झोप उडालेली असायची, आणखी आठवायला लागायचं.

मोठेपणी बायबलमधलं स्तोत्र १३६ नीट वाचलं तेव्हा आजीच दिसली. सव्वीस ओळी, आणि प्रत्येक ओळीला एकच पालुपद: त्याची दया सनातन आहे. पण पालुपदाच्या आधी काय आहे ते बघा. सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, रानातली वाट. अमोऱ्यांचा राजा सीहोन आणि बाशानाचा राजा ओग यांचीसुद्धा नावं घेतलीत! उपासनेच्या गाण्यात इस्राएल लोकांच्या शत्रूंची नावं कशाला, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, ज्यानं सुटका अनुभवलीय तो असंच गातो. कुणाच्या हातून सुटलो ते तो सांगतोच. आणि एवढ्या मोठमोठ्या गोष्टींनंतर शेवटी येतं काय, तर तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. रोजची भाकरी.

स्तोत्र १०० सुद्धा जयजयकार करा, गात या, असं सांगून थांबत नाही. 'कारण' सांगतं: परमेश्वर चांगला आहे. आनंदाची आज्ञा आहे, पण तिच्या पाठीशी कारण दिलेलं आहे. आपण कारण विसरतो आणि आज्ञा तेवढी एकमेकांना ऐकवत राहतो.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर सांगलीकरांना सांगायला नको. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. चर्चमध्ये छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आत गेलो तर बाकं एकमेकांवर चढलेली, गीतांच्या पुस्तकांचा लगदा झालेला आणि माझी पेटी गाळात आडवी. भाता फाटला होता. आतल्या सुरांवर चिखल बसला होता. मी तिथंच बसून रडले.

त्या वर्षी हंगामाचा सण, म्हणजे पिकातला वाटा चर्चमध्ये आणून देवाचे आभार मानायचा आणि मग त्याचा लिलाव करायचा दिवस, करायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. कुणाचा ऊस कुजलेला, कुणाची हळद गेलेली. दरवर्षी टेबल भरून वाहतं, भोपळे, ज्वारीची कणसं, बेदाणा, अंडी, एखादी कोंबडी टेबलाखाली ओरडत असते. मी स्वतः म्हणाले होते, या वर्षी उपकारस्तुती कशाची करायची? पाळकसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी बायबलमधला हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. हबक्कूकनं आधी नुकसानीचा पंचनामा केलाय. काहीच झालं नाही असं तो म्हणत नाही.

सण झाला. टेबल जवळजवळ रिकामंच. नदीकाठच्या एक मावशी कोथिंबिरीची एक पेंडी घेऊन आल्या. पुरानंतर गच्चीवर तेलाच्या डब्यात पेरली होती. मुळांना माती तशीच, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "माझी नात पान्यातनं निघाली, तिच्यासाठी." एवढंच. उपासनेनंतर लिलावात त्या पेंडीला सातशे रुपये आले. ज्यांनी घेतली त्यांचं स्वतःचं घर तेव्हा अजून ओलं होतं.

पेटी नव्हती. एका काकांनी टाळ धरला आणि आम्ही गायलो. सूर कुठल्या कुठे जात होता. पण त्या दिवशी दहाव्याला आल्यासारखं कुणी बसलं नव्हतं.

टाळावरून आठवलं. चर्चमध्ये टाळ, अभंग कशाला, असं म्हणणारे आजही भेटतात. त्यांना मी कवी नारायण वामन टिळकांची आठवण करून देते. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. आयुष्याच्या शेवटच्या काळात इथं शेजारी साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा मांडला. आज आपण अभंगात, ओवीत ख्रिस्ताचं नाव घेतो यात त्यांचा फार मोठा वाटा आहे. आपल्याला आनंद होतो तो आपल्याच भाषेत. आजीची पाच बोटंही मराठीतच होती.

आता त्या मुलासाठी. बाळा, काही वाटत नसताना हसरा चेहरा करायला बायबल सांगत नाही. स्तोत्र ८८ काढून वाच. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे, कारण बोलणारा देवाशीच बोलतोय. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात पौल आणि सीला या ख्रिस्ताच्या प्रचारकांची पाठ फटक्यांनी सोललेली, पाय खोड्यात अडकलेले. ते मध्यरात्री गात होते. भूकंप नंतर झाला, दारं नंतर उघडली. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते लिहिलेलं नाही. गाणं लिहिलंय, आणि बाकीचे कैदी ऐकत होते हे लिहिलंय.

म्हणजे मन भरून येईपर्यंत थांबू नकोस. आठवड्यातली एक गोष्ट नाव घेऊन सांग, ती घेऊन ये, आणि गा. मला स्वतःला कित्येकदा तिसऱ्या कडव्याला आनंद होतो, कधी घरी गेल्यावर, कधी होतच नाही. येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच. येशूनं त्याला तुला किती आनंद झाला असं विचारलं नाही. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं विचारलं.

पेटी मिरजेत दुरुस्त करून घेतली. भाता नवा आहे, पण वरच्या सप्तकातला एक सूर अजून मध्येच गप्प बसतो. तिथं टाळाचा ठेका पक्का लागतो आणि टाळ धरणारे काका आता थकलेत. पुढच्या रविवारी पंधरा मिनिटं आधी ये आणि माझ्या शेजारी बस.